हृदयाला मिळालेली मुदत



हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वी ज्याच्या छातीत एकदोन दिवस अधूनमधून कळ येत होती, त्याची अवस्था इतरांहून अधिक गंभीर असणार, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात अनेकदा उलट आढळले आहे. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आधी अंजायना, म्हणजे हृदयशूळ, झालेल्या रुग्णांमध्ये झटक्यानंतर रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि हृदयाची हानीही मर्यादित होती.

याचे एक कारण १९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील प्रयोगाने सुचविले होते. मरी, जेनिंग्ज आणि रायमर या संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद केली व प्रत्येक वेळी पुन्हा मोकळी केली. नंतर तीच वाहिनी चाळीस मिनिटे बंद ठेवली असता, मृत झालेला स्नायू एरवीच्या मानाने केवळ एक चतुर्थांश भरला. रक्तपुरवठा अल्पकाळ खंडित झाला की पेशींतून ॲडेनोसिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्या संकेताने पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे पुढील आघात सोसण्यास सज्ज होतात. हे संरक्षण एकदोन तास टिकते, मग ओसरते आणि सुमारे चोवीस तासांनी सौम्य रूपात परतून दोनतीन दिवस राहते.

परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा भाग विसरता कामा नये. वाहिनी तीन तास बंद राहिली, तेव्हा हा लाभ उरला नाही. म्हणजे निसर्ग मुदत वाढवून देतो. माफी देत नाही. वृद्धांमध्ये आणि मधुमेही रुग्णांमध्ये तर ही मुदतही बहुधा आखूडच असते, असे काही अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून छातीतील कळ हे कवच मानून स्वस्थ बसणे घातक ठरेल. प्रथमच आलेली, वारंवार होऊ लागलेली वा विश्रांतीतही उद्भवणारी कळ ‘पित्त’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. कळ थांबत नसेल, घाम सुटत असेल किंवा धाप लागत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहिनीतील गुठळी वेळेत दूर झाली, तरच तगून राहिलेला स्नायू वाचतो. हृदयाने दिलेली मुदत रुग्णालय गाठण्यासाठी आहे, हे घरोघरी पोहोचविणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.