बाटलीतला ऑक्सिजन आणि बाईची साखर

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)



या सत्राचं नाव ‘मधुमेह आणि आहार’ असं ठेवलंय. पण काल रात्री जेवताना तुमच्यातल्या तिघी-चौघींनी पाण्याबद्दल विचारलं, म्हणून आधी तोच विषय घेते. प्रश्न असा होता : ऑक्सिजन भरलेलं पाणी प्यायलं की साखर उतरते, हळूहळू गोळ्याही बंद होतात, असं सांगत बाया वस्तीत येतात; त्यात तथ्य किती?

साखर उतरावी एवढं तथ्य त्यात नाही. पण एवढं एक वाक्य सांगून तुम्ही वस्तीत परत गेलात, तर तिथे कुणी तुमचं ऐकणार नाही. कारण समोरच्या बाईकडे छापील पत्रक असतं, त्यावर पांढऱ्या कोटातला माणूस असतो, आणि शेजारणीला गुण आलेला असतो. तेव्हा आपण हिशेब करू. हिशेब बायकांना कळत नाही असं समजूनच पुष्कळ गोष्टी आपल्या गळ्यात मारल्या जातात.

साध्या पाण्यातही हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतोच. मासे त्यावरच जगतात. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात तो साधारण ८ मिलिग्रॅम असतो. दाब देऊन तो वाढवता येतो. आपण विकणाऱ्याच्या बाजूने उदार होऊ आणि १०० मिलिग्रॅम धरू. वायूच्या मापात हे झाले सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या एका कटिंग चहाएवढे. आता श्वासाकडे या. आपण स्वस्थ बसलेलो असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत येते आणि त्यातला वीसेक मिलिलिटर ऑक्सिजन शरीर ठेवून घेतं. मिनिटाला होतात सुमारे २५०. म्हणजे लिटरभर महागड्या पाण्यात मिळून तीन-चार श्वासांचा ऑक्सिजन! तोही सगळा पोटात पोचला तर. झाकण उघडलं की सोडावॉटरच्या बाटलीसारखा तो उडायला लागतो, आणि पोटात गेलेल्यातला काही ढेकरेवाटे बाहेर येतो. ऑक्सिजन घ्यायला निसर्गाने फुफ्फुसं दिली आहेत. आतडी त्या कामासाठी घडलेली नाहीत.

शिवाय घेतला तरी ठेवायचा कुठे? २०२०-२१ च्या करोनाच्या दिवसांत बोटाला लावायची ती चिमटी आपण सगळ्यांनी पाहिली. धडधाकट माणसाचा आकडा ९५ च्या वरच येतो. म्हणजे ऑक्सिजन वाहणारी जागा जवळजवळ भरलेलीच असते. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार?

बरं, मधुमेहाचं मूळ तरी ऑक्सिजनच्या कमतरतेत आहे का? टाइप टू मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन करतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त राबतं आणि वर्षानुवर्षं राबून थकतं. यात आनुवंशिकता आहे, वजन आहे, खाणं आहे, अपुरी झोप आहे, गरोदरपणात वाढलेली साखर आहे. साखर फार वर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि मग पायाला, डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पोचतं, हे खरं आहे. पत्रकवाले हे अर्धं सत्य उचलतात. पण तिथे बिघाड नळात झालेला असतो. टाकीत आणखी चार थेंब टाकून तो नळ दुरुस्त होत नाही.

आता मला सगळ्यात राग येतो ती गोष्ट. या पाण्याची विक्री बायांना होते ती थकव्याच्या नावाने. “ताई, तुमच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय.” आणि गंमत बघा, हे वाक्य पुष्कळ बायांच्या बाबतीत खरं निघतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. जिचं हिमोग्लोबिन १२ च्या ऐवजी ८ आहे, तिच्या चार लिटर रक्तात १६० ग्रॅम हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे रक्ताच्या प्रत्येक फेरीला दोनशेच्या वर मिलिलिटर ऑक्सिजन उचलण्याची ताकदच कमी. चिमटीला हे दिसत नाही. असलेल्या गाड्या भरलेल्या आहेत एवढंच ती सांगते, गाड्या किती आहेत ते सांगत नाही. या बाईला हवं आहे लोह, पोटभर जेवण आणि पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर त्यावर उपचार. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्याऐवजी ती पाण्याचे पैसे मोजते.

याला जोडूनच एक सांगते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. लोहाच्या कमतरतेत तिचा आकडा साखर नसतानाही वर सरकू शकतो. सिकलसेल असलेल्या बाईतही तो फसवा येतो. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवा. अशा बाईची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघायला डॉक्टरांना सांगायचं. सांगायला लाजायचं नाही.

मग शेजारणीला गुण कसा आला? ती खोटं बोलत नसते. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायचं ठरलं की चार कप गोड चहाचे दोन होतात, सरबत सुटतं. साखर थोडी उतरते ती त्याने, आणि हे नळाच्या पाण्यानेही झालं असतं. दुसरं, माणूस उपाय शोधायला निघतो तो साखर फार चढलेली असताना. पुढच्या तपासणीला ती बऱ्याचदा आपोआपच थोडी खाली येते. म्हणून ‘अमक्या ठिकाणी अभ्यास झालाय’ असं कुणी म्हणालं तर तीनच प्रश्न विचारा. तुलनेला साधं पाणी पिणारा गट होता का? कोणतं पाणी कुणाचं हे पिणाऱ्यांना आणि मोजणाऱ्यांना ठाऊक होतं का? आणि खर्च कुणी केला? मूठभर माणसांना काही आठवडे पाणी पाजून आलेल्या आकड्यावर कुणाच्या गोळ्या बंद करता येत नाहीत.

नुकसान होतं ते नेमकं तिथे, गोळ्या बंद करण्यात. वस्तीतली एक बाई, घरकाम करणारी, तीन महिने गोळ्या सोडून पाणी पीत होती. तिला योनीमार्गात सारखी खाज सुटायची, जखम भरेना. खाजेचं तिने कुणाला सांगितलं नाही. साखर वाढली की बुरशीचा संसर्ग होतो हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिला वाटलं आपलंच काहीतरी घाण. आम्ही विचारलं, गोळ्या का सोडल्या? म्हणाली, जुलाब होतात, आणि संडास चाळीच्या दुसऱ्या टोकाला. कामाच्या घरी तर तिला संडास वापरू देत नाहीत.

बघा, मेटफॉर्मिन ही साधी, स्वस्त, जुनी गोळी. सुरुवातीला पोट बिघडवते. ती जेवणासोबत घ्यायची, कमी मात्रेने सुरू करायची, हळूहळू विरघळणारी गोळीही मिळते. हे सांगायला डॉक्टरला दोन मिनिटं लागली असती. ती मिळाली नाहीत. पाणी विकणारी मात्र तासभर बसली, हात हातात घेतला, मुलांची चौकशी केली. ही जागा आपली व्यवस्था रिकामी सोडते आणि बाजार ती भरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आला. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडेल?

विकणारीबद्दलही बोलायला हवं. ती बहुतेक आपल्याच बचत गटातली असते. आधी पैसे भरून माल घेतलेला, खाली आणखी चौघी जोडल्या तर कमिशन. तिच्याशी भांडून काही हाती लागणार नाही. तिला कायदा दाखवा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरातच करायची नाही, त्यांची ही यादी. आणि जाहिरात म्हणजे फक्त छापलेली नव्हे. पत्रक, वेष्टन, लेबल, तोंडी केलेली घोषणासुद्धा तिच्यात येते. म्हणजे हळदीकुंकवाला मांडलेला बाटल्यांचा स्टॉल आणि तिथलं भाषणही यात मोडू शकतं. पाणी म्हणून पाणी विकायला हरकत नाही. ‘याने साखर बरी होते’ म्हटलं की ते औषध ठरतं. माणसं जोडत नेण्याच्या साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी मनाई केली आहे. कंपनी वर बसून राहते आणि खटल्याची वेळ आली तर पुढे उभी असते गल्लीतली बाई, एवढं तिला समजलं तरी पुष्कळ.

आता कामाचं. पत्रक फाडू नका, जपून ठेवा. पावती घ्या. बोललेले शब्द तारखेसह वहीत लिहा, बाटलीच्या लेबलचा फोटो काढा. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्यायची आणि पोच घ्यायची. आणि ज्या बायांनी गोळ्या सोडल्या आहेत त्यांची यादी आशाताईंना सोबत घेऊन याच आठवड्यात करा. इन्सुलिन सोडलेल्या बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, थांबायचं नाही. ज्यांनी पत्रकं बरोबर आणली आहेत त्यांनी ती जेवणानंतर माझ्याकडे द्या. पहिला अर्ज आपण इथेच लिहून काढू.