बर्फ पांढरा का उमटत नाही?

बालाघाटच्या माणसाने बर्फाविषयी बोलावे हे थोडे विपरीतच. आमच्याकडे हिवाळ्यात वैनगंगेवर धुके उतरते, भाताच्या बांध्यांवर दहिवर चमकते. बाकी बर्फ आम्हांस ठाऊक तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी आज मी बोलणार आहे ते भर उन्हातल्या बर्फात धावणाऱ्या स्नो-स्कूटरची आणि तीवर बसलेल्या घरच्या माणसांची छायाचित्रे कशी घ्यावीत याविषयी. कारण ती कशी घेऊ नयेत, हे मला पुरते ठाऊक आहे.

२०२३ च्या जानेवारीत, शिल्लक रजा खर्चून, आम्ही सहकुटुंब काश्मीरला गेलो. बरोबर आई होती, वय ७४. टंगमर्गला लुगड्यावर भाड्याचा ओव्हरकोट आणि पायांत गमबूट चढवून ती गुलमर्गला पोहोचली, तेव्हा ती आपल्याच घरातली बाई आहे हे ओळखावयास क्षणभर लागला. १९०२ साली बांधलेले तेथील सेंट मेरी चर्च बर्फात बुडालेले पाहून तिने खुणेने क्रूस केला आणि लगेच स्कूटरीकडे बोट दाखवून म्हणाली, "मला त्यावर बसायचंय."

या वाहनाची हकीकत थोडी सांगण्याजोगी आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए हा यंत्रकार राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळ गाठता येईना, आणि मूल दगावले. बर्फावरून चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो पूर्वीपासूनच करीत होता. १९३७ च्या सुमारास त्याची सात माणसांची पट्ट्यावर धावणारी गाडी विक्रीस आली. पुढे १९५९ मध्ये त्याने एकदोघांना पुरेल असे लहान वाहन काढले. आपण गुलमर्गला भाड्याने घेतो ती स्कूटर त्याच वंशातली. मौजेची गोष्ट आहे खरी, पण तिच्या मुळाशी एका बापाचे दुःख आहे.

असो. आई चालकाच्या मागे बसली. मी पुढे जाऊन कॅमेरा रोखला. ऊन असे लख्ख की डोळे उघडवेनात. मी मनात म्हटले, इतका प्रकाश असता छायाचित्र बिघडेल कसे? एकूण २६ चित्रे घेतली. रात्री खोलीवर पाहतो तो बर्फ राखेसारखा करडा, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग.

याचे कारण मला पुढे आमच्याच जिल्ह्यात उमगले. भरवेलीच्या मँगनीज खाणीचे नाव आपण ऐकले असेल. तेथला काळा खनिजाचा ढीग मी एकदा टिपला, तर तोही करडाच उमटला! काळेही करडे, पांढरेही करडे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला वस्तूचा रंग कळत नाही. समोरून किती उजेड आला एवढेच कळते. जगातले सरासरी दृश्य आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकते, असे त्याला शिकवून ठेवलेले असते. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के परत फेकतो. म्हणजे जवळजवळ पाचपट. मापक बिचारा समजतो की ऊन पाचपट वाढले, आणि झडप तेवढीच लवकर मिटतो. परिणामी बर्फ मळतो, आणि बर्फापुढे आधीच सावळा असलेला आपला चेहरा अंधारात जातो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेली कळ असते, ती अधिक दीड ते दोनपर्यंत न्यावी. नवख्यांना हे उलटे वाटते. इतक्या उजेडात आणखी उजेड कशास? पण आपण उजेड वाढवीत नसतो, मापकाची चूक दुरुस्त करीत असतो. मोबाइल फोन असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक फोनांत शेजारी सूर्याची लहानशी आकृती येते, ती वर सरकवावी. आधुनिक फोन पुष्कळदा स्वतःच सावरून घेतात, परंतु बर्फ सगळा पडदा व्यापून असला की तेही फसतात. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातल्या मुलींना चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभे करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

सूर्य माणसाच्या पाठीशी नसावा. तो बाजूला किंवा समोर असला की खालचा बर्फच आरशासारखा हनुवटीखाली उजेड टाकतो. असा मृदू प्रकाश स्टुडिओतही सहजी लाभत नाही. सावल्या निळ्या दिसतील, त्यांना भिऊ नये. तेथे फक्त आकाशाचा प्रकाश पोहोचतो, म्हणून त्या खरोखरच निळ्या असतात. धावती स्कूटर थिजवायची तर सेकंदाचा पाचशेवा भाग पुरे.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दुसरी असल्यास आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला की बाहेरून आणि कधी आतूनही भिंगावर दव धरते. म्हणून बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मग आत न्यावा, आणि तासभर उघडू नये. आमच्या घरात हे कोणी ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. स्कूटरच्या वाटेत उभे राहून चित्र घेऊ नका. पडद्यात पाहणाऱ्याला अंतराचा अंदाज राहत नाही, आणि बर्फावर गाडी जागच्या जागी थांबत नाही. बसणाऱ्याने पदर, मफलर आत खोचून घ्यावा; फिरत्या पट्ट्यात अडकलेले कापड माणसाला ओढून नेते. काळा चष्मा चित्रासाठीही काढू नये, कारण तो उजेड डोळ्यांना इजा करतो.

माझी ती २६ चित्रे मी संगणकावर उजळून पाहिली. आईचा चेहरा वर आला, पण रवाळ, जात्यातून काढल्यासारखा. पुढच्या वर्षी पावसाळ्यात आई गेली. तिच्या मासिक मिस्सेच्या वेळी फोटो हवा म्हणून आम्ही शोधाशोध केली, तेव्हा धाकट्या मुलीने आपल्या जुन्या फोनातले एक चित्र पुढे केले. तिला मापक ठाऊक नव्हता नि टक्केही ठाऊक नव्हते. तिने आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवले होते, इतकेच. त्या चित्रात बर्फाचा तपशील पार उडाला आहे, डोंगर नाही, झाडे नाहीत, चालकाचा निम्मा खांदा कापला गेला आहे. परीक्षक म्हणून मी त्याला नापासच केले असते. पण कोऱ्या कागदासारख्या त्या पांढऱ्यावर भाड्याच्या कोटातली आई तोंड उघडून हसते आहे, आणि तिचा पडलेला पुढचा दातसुद्धा दिसतो. तेच आता आमच्या वेदीशेजारी लावलेले आहे.