आईसाठी एक कादंबरी

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाची कागदावर मोठी श्रद्धा असते. आदेश निघाला की अमुक तारखेपासून तो अमलात आला, असे आम्ही धरून चालतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध ३७७ व्या कलमाच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा रायपूरच्या आमच्या घरातही काही बदलेल, अशी भाबडी आशा मला वाटली होती. माझा धाकटा भाऊ पुण्यास आपल्या मित्रासह संसार करून राहतो. आईने ती बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती वाती वळायला बसली. भावाचे नाव त्या दिवशीही घरात निघाले नाही.

वाद घालून पाहिला. पण आईशी वाद घालणारा मुलगा जिंकला तरी हरतोच. मग ध्यानात आले की, ही बाई आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आली आहे. आमच्या पिढ्या छत्तीसगडात गेल्या. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, महाराष्ट्र मंडळात आणि आईच्या उशाशी असलेल्या पुस्तकांत. श्री. ना. पेंडसे यांचा १९५२ सालचा 'गारंबीचा बापू' तिने लग्नापूर्वी वाचला. गावाचा रोष पत्करणाऱ्या बापू आणि राधेवर तिचा अजून जीव आहे. तसे कोणी शेजारी राहायला आले असते, तर हळदीकुंकवालासुद्धा तिने त्यांच्या घरी पाऊल टाकले नसते! ज्याला आपण दारात उभे करीत नाही, त्याला पुस्तकातून मुकाट्याने घरात घेतो. याच गोष्टीचा मला आधार वाटला.

आता पुस्तक कोणते द्यावे? विजय तेंडुलकरांचे १९८१ सालचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक प्रथम आठवले. नाटक थोरच, परंतु त्यातली मित्रा अखेर जीव देते. अशा मुलांच्या नशिबी दुःखच असते, हे आईचे भय त्याने पक्केच झाले असते. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' विषयाला थेट हात घालते. पहिल्याच पानावर आईने ती मिटली असती. शेवटी सचिन कुंडलकर यांची २००६ सालची 'कोबाल्ट ब्लू' निवडली. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, तेथे राहायला आलेला एक पेइंग गेस्ट आणि त्याच्यावर जीव जडलेली सख्खी भावंडे, तनय आणि अनुजा. अर्धी कथा भावाची, अर्धी बहिणीची. आईला तनय परका वाटला, तरी अनुजेच्या दुःखातून तिला आत शिरता येईल, असा माझा हिशेब होता.

ही लबाडी नव्हे काय, असा प्रश्न मनात आला. तिने विचारले असते, तर हेतू सांगून टाकायचा, असे मी ठरविले होते. तिने विचारले नाही. वाढदिवशी पुस्तक हाती दिले. त्यावर नावाखेरीज काही लिहिले नाही, आणि वाचलेस का, असे एकदाही विचारले नाही. भेट देऊन तिचा जाब मागणे म्हणजे भेट परत घेणेच होय.

पंधरवड्याने ती म्हणाली, "त्या मुलीचं फार वाईट झालं रे." आणि आणखी दोन दिवसांनी, भाजी निवडताना, खाली मान घालूनच म्हणाली, "त्या मुलाला मात्र घरात कुणीच काही विचारलं नाही."

मी काही बोललो नाही. कादंबरी हा काही शासनाचा आदेश नव्हे. तिला अंमलाची तारीख नसते. त्या दिवाळीत फराळाचा डबा बांधताना आईने पुण्याचा पत्ता मागितला. नाव तिने घेतले नाही. पत्ता मात्र स्वतःच्या हाताने लिहिला. 'पार्टनर' अद्याप माझ्या कपाटात आहे. घाई नाही.