घराण्याचा मागोवा : रुमाल, वह्या आणि फेरफार

(व्याख्यानाचा संपादित भाग)



मुंज असो वा विवाह, नांदीश्राद्धाला गुरुजी यजमानाला पूर्वजांची नावे विचारतात. पिता, पितामह, प्रपितामह. बहुतेक घरांत तिसऱ्या नावापाशी यजमान घुटमळतो. कोणीतरी गावच्या काकांना दूरध्वनी लावतो, तोवर अक्षता हातात तशाच राहतात. त्याच विधीत माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही नावे लागतात आणि तेथे तर मौनच असते. पणजीचे नाव ठाऊक असलेले घर विरळा. ज्या समाजाने तीन पिढ्यांचे स्मरण धर्मविधीत बांधून ठेवले, त्याच समाजातील शिकल्यासवरलेल्या कुटुंबांची ही अवस्था आहे.

दुसऱ्या बाजूला, पणजोबांचे नाव न आठवणाऱ्या घरातही एक कथा मात्र पक्की असते. ‘आमचा मूळ पुरुष पानिपतावर होता.’ ‘आम्हाला साताऱ्याच्या महाराजांची सनद होती.’ ‘आम्ही मूळचे अमुक नव्हे, तमुक.’ या कथा खोट्या असतात असे मुळीच नाही. पण त्या तपासून पाहता येतात, आणि त्यासाठी लागणारी साधने सरकारी दप्तरखान्यांत व सार्वजनिक ग्रंथालयांत आज उपलब्ध आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते.

शोधाचा आरंभ मात्र घरातूनच व्हावा लागतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. नावांपेक्षा स्थळे आधी विचारावीत : मुली कोणत्या गावी दिल्या, सुना कोठून आणल्या, जत्रेला कोठे जात, सुतक कोणाकोणाचे पाळत. सुतकाचे उत्तर मिळाले की भाऊबंदकीचा नकाशा आपोआप उभा राहतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढावीत. त्यांवर नाव, गाव आणि पुष्कळदा सालही कोरलेले असते. आडनावावर विसंबून राहू नये. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चौगुले ही पदांची नावे आहेत. त्यांखाली जुने उपनाम दडलेले असण्याचा संभव असतो आणि ते कागदांतच सापडते.

कुलदैवत हा दुसरा धागा. गोमंतकातून बाहेर पडलेल्या घराण्यांच्या बाबतीत तर तो फारच मोलाचा ठरतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टी, बारदेश व तिसवाडीतील देवळे पाडली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. देवाबरोबर कुळेही हलली. काही कोकणात, काही कारवार-मंगळूरकडे. म्हणून कारवारच्या एखाद्या घराचे कुलदैवत प्रियोळला असेल, तर शोधाची दिशा तेथेच ठरते. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला प्रमुख. ज्या सत्तेने देवळे पाडली तिनेच त्या देवळांच्या जमिनींची टिपणे ठेवली. महसुलाची हाव होती म्हणून नोंद राहिली, आणि आज तीच उपयोगी पडते.

घाटावर व देशावर शोधाचा पहिला सरकारी कागद म्हणजे सातबारा. तेथून फेरफाराच्या नोंदींकडे, म्हणजे गाव नमुना सहाकडे वळावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यानंतर कोणी मयत झाला की वारसांची नावे फेरफाराने चढत गेली. एकेका नोंदीत बापाचे नाव, मुलांची नावे, विधवेचे नाव, कधी लग्न झालेल्या मुलींचीही नावे मिळतात. तीन फेरफार हाती लागले की चार पिढ्या जुळतात. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाने ठेवलेले जन्ममृत्यूचे बुक, याहून बोलके. त्यात बहुधा जातही लिहिलेली असते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील याच बुकांवरची धूळ झटकली गेली. एरवी ज्यांना कोणी हात लावला नसता, त्या पानांवर लाखो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असल्याचे महाराष्ट्राने पाहिले. मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हेही त्याच वेळी उघड झाले.

मराठवाड्यातील कुटुंबांची वाट निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे खासरा पाहणी पत्रके आणि उर्दू-फार्सी कागद पाहावे लागतात आणि शोध हैदराबादच्या पुराभिलेखागारापर्यंत जातो.

१९०३ च्या मागे जायचे तर एक मोठा दरवाजा आहे, तो इनाम कमिशनचा. मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला की, इतकी जमीन करमुक्त कशी? १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदारांना आपापले हक्क सिद्ध करून दाखवावे लागले. ज्यांच्याजवळ कागद नव्हते, त्यांची इनामे गेली. घराण्यांनी जुन्या सनदा बाहेर काढल्या, नकला दिल्या, कैफियती लिहिल्या आणि वंशावळी सादर केल्या. हजारो घराण्यांच्या वाट्याला आलेली ती आपत्तीच होती. पण त्या आपत्तीमुळेच त्यांचे कागद एके ठिकाणी गोळा झाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक अजून पेशवे दप्तर म्हणतात, ते आजही पाहावयास मिळतात.

येथे एक सावधगिरी हवी. इनाम वाचविण्यासाठी दिलेली वंशावळ ही दावा करणाऱ्याने स्वतःच्या लाभासाठी दिलेली असते. दत्तकाला औरस दाखविणे, विभक्त भावाची शाखा गाळणे, मूळ पुरुष एक पिढी मागे नेणे, असे प्रकार त्यांत असू शकतात. म्हणून वंशावळीपेक्षा तिच्या शेजारी बांधलेले निवाडपत्र किंवा वाटणीपत्र अधिक विश्वासाचे. भाऊ भांडले की खरे बोलणे भाग पडते. कारण समोर दुसरा भाऊ उभा असतो.

पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल हजारो, कागद कोट्यवधी. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास, चिटणिशी, जमाव अशी त्यांची वर्गवारी आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. एकूण साठ्याच्या मानाने तो केवळ एक ओंजळ. पानिपतावरच्या मूळ पुरुषाचा शोध घ्यायचा तर पथकांच्या हजेऱ्या व तैनातीचे कागद चाळावे लागतात. नाव सापडले नाही, तर कथा खोटी ठरत नाही. पथकाच्या सरदाराचे नाव कागदावर येते, मागे चालणाऱ्या शिलेदाराचे येतेच असे नाही. आणि कधी असेही निघते की पानिपतावर गेलेला म्हणून सांगितला जाणारा पुरुष त्या वर्षी गावातच होता आणि सारा थकल्याबद्दल मामलेदाराशी भांडत होता! अशा वेळी घरातील मंडळी हिरमुसतात. वास्तविक आनंद व्हावयास हवा, कारण पूर्वजाचा खरा आवाज प्रथमच ऐकू आला.

कागद हाती आला तरी त्याची मिती उलगडावी लागते. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे वाचून नवखा माणूस गोंधळतो. ही अरबी अंकनावे आहेत : एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७० येते. मात्र हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. शालिवाहन शक असेल तर ७८, दख्खनच्या फसलीला ५९०. तेथेही वर्षारंभ जुळत नसल्याने शेवटच्या काही महिन्यांना एक वाढवावा. एका वर्षाच्या चुकीने बाप मुलाच्या जन्माआधी मेलेला दिसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, लेखणी उचललेली नाही. तरीही नेटाने बसणाऱ्याला मोडी काही आठवड्यांत ओळखू येऊ लागते, कारण सरकारी कागदांचे मायने ठरावीक असतात.

‘आमच्याकडे कुठले इनाम? आम्ही कुळवाडी’, असे म्हणून जे मागे फिरतात, त्यांनी महजर पाहावेत. गावातील वतनाचा वाद गोतसभेपुढे आला की पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही साक्षीला बसत आणि निवाड्यावर त्यांची नावे व निशाण्या येत. कुणब्याचा नांगर, महाराचा विळादोरी, न्हाव्याचा आरसा. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचाही शब्द त्या कागदावर आहे. दप्तरखाना वाड्यांचाच आहे, हा समज चुकीचा आहे. गावोगावच्या भिंतींवर बसविलेले १९१४-१९ च्या महायुद्धाचे संगमरवरी फलक किती माणसे गेली ते सांगतात. त्यांतील जे परतले नाहीत, त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या खुल्या सूचीत आहेत आणि पुष्कळांपुढे बापाचे व गावाचे नावही आहे.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा तर या देशाचा अनन्यसाधारण ठेवा. गाव व आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात. पूर्वी कोण आले, कोणासह आले, मागे कोण होते, हे त्याच्या स्वतःच्या अक्षरात सापडते. अस्थिविसर्जनाला गेलेल्या विधवेचे नाव पुष्कळदा येथेच तेवढे लिहिलेले असते. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने हरिद्वारच्या वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती विसाव्या शतकातच करून घेतल्या. सातासमुद्रापलीकडच्यांना जे मोलाचे वाटले, त्यासाठी त्र्यंबकेश्वरला निघालेल्या मराठी कुटुंबाने अर्धा तास काढू नये, ही चमत्कारिक गोष्ट आहे.

याची खरी किंमत मॉरिशसच्या मराठी बांधवांना विचारावी. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील व देशावरील मराठी लोक होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमनाची नोंदबुके जतन केलेली आहेत. जहाजाचे नाव, मजुराचा क्रमांक, वय, बापाचे नाव, जिल्हा, गाव आणि पुढच्या काळात छायाचित्रही. पण गोऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे गाव लिहिले, आणि आजोबाचे पाळण्यातील नाव नातवंडांचे आडनाव होऊन बसले. पाचव्या पिढीतील माणूस रत्नागिरीत उतरतो, तेव्हा हाती असलेल्या गावाच्या नावाशी जुळणारी गावे तीन-तीन तालुक्यांत निघतात. हक्कनोंदणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी पूर्वज गेलेला, म्हणून सातबारा मुका. अशा वेळी जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, गावांच्या याद्या, गावच्या देवस्थानचे कागद आणि तीर्थाच्या वह्या एवढाच आधार उरतो. त्याने घरात जपलेले देवाचे नाव हे पुष्कळदा कारकुनाच्या अक्षरापेक्षा अधिक शुद्ध असते.

आता ग्रंथालयांविषयी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा १८४८ पासूनची. अशा जुन्या ग्रंथालयांत कुलवृत्तांत, जुनी वृत्तपत्रे, शाळांचे स्मरणग्रंथ, ज्ञातिसंस्थांचे अहवाल पाहावयास मिळतात. कुलवृत्तांत आधी मागावा; कोणी शंभर वर्षांपूर्वी निम्मे काम करून ठेवलेले असेल. वृत्तपत्रांतील जाहीर नोटिसा आणि सरकारी राजपत्रातील नावबदलाच्या जाहिराती यांकडे कोणी पाहत नाही. तेथे मात्र तारखेसह माहिती असते. ग्रंथपालाला ‘आमचा इतिहास द्या’ असे सांगू नये. गाव, तालुका, अदमासे साल आणि पेशा एवढे सांगावे, म्हणजे तो नेमके कपाट दाखवितो.

जे कागद घरांत राहिले, त्यांचे काय झाले? गांधीहत्येनंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ झाली, त्यात वाड्यांबरोबर दप्तरेही जळाली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कागदांचा चिखल झाला. कुलकर्णी वतने १९५१ साली संपली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची गावदप्तरे निरुपयोगी म्हणून अडगळीत पडली. पण याखेरीज एक नाश दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत होतो आणि तो घरच्याच हातांनी. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह उभा केला. राजवाड्यांना वाईत जुन्या कागदांचा ठेवा मिळाला आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ निघू लागली. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्या संग्रहातही घराघरांतून आलेली दप्तरे आहेत. ती ज्यांनी दिली त्यांना मोडी वाचता येत होती असे नव्हे. त्यांनी रद्दीवाल्याला बोलाविले नाही, एवढेच.

घरात असे बाड निघाले तर ते उन्हात वाळवू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नये. स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधून जवळ वेखंड ठेवावे. बांधलेल्या क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. क्रम मोडला की निम्मा अर्थ जातो. मूळ कागद पुराभिलेखागाराकडे किंवा मंडळाकडे द्यायचे ठरल्यास सोबत एक पान जोडावे. कागद कोणाच्या घरी, कोणत्या गावी, कोणत्या कोनाड्यात वा पेटीत सापडले, त्या घरातील तेव्हाची वडीलधारी व्यक्ती कोण आणि तिने त्यांविषयी काय सांगितले, हे त्या पानावर तारखेसह लिहावे. त्या व्यक्तीचे पूर्ण नाव लिहावे, आणि ती स्त्री असेल तर माहेरचे नावही.