दोन डब्यांचा धक्का

मुंबईहून नाशिकास येणाऱ्या पुष्कळ गाड्या कसाऱ्यास थांबतात. १८६५ सालीं खुल्या झालेल्या थळ घाटाचा चढ ३७ स १ असा आहे; तेथें मागें जादा एंजिनें जोडावीं लागतात. एंजिन भिडतांच बसणारा हलका धक्का आपणांस आठवत असेल. शाळेंतील मुलांची एक ठरलेली चूक त्याच धक्क्यांत आहे.

हिशेबासाठीं दोन डबेच घेऊं. रुळांचें घर्षण क्षणभर विसरूं. २० टनांचा डबा सेकंदास २ मीटर वेगानें येऊन तितक्याच वजनाच्या उभ्या डब्यास जोडला गेला. पुढें दोहोंचा वेग किती? हुशार मुलेंही गतिज ऊर्जा कायम धरून १.४१ लिहितात. त्यांना दोष कशाला द्यावा? ‘ऊर्जा अविनाशी’ हें आपणच पाठ करून घेतों! खरें उत्तर १ मीटर. संवेग तितकाच राहिला. गतिज ऊर्जा मात्र ४०,००० जूलांवरून २०,००० वर आली.

उरलेली अर्धी बुडाली नाहीं. ती लोखंडाच्या उष्णतेंत आणि थोडी त्या खणखणाटांत गेली. संवेगास अशी पळवाट नाहीं. एक डबा दुसऱ्यास जितका ढकलतो तितकाच, आणि तितकाच वेळ, दुसरा त्यास उलट ढकलतो. एकाचें गेलें तें दुसऱ्यास मिळालें. शिवाय संवेगास दिशा असते. तापलेल्या लोखंडाचे कण सैरावैरा हलतात, त्यांची बेरीज कोणत्याच दिशेस होत नाहीं.

घाट उतरतांना विजेच्या एंजिनाची मोटर जनित्र बनून कांहीं ऊर्जा तारेंत परत धाडूं शकते. धक्क्यांतली उष्णता मात्र अशी परत मिळत नाहीं.