जागतिक व्यापार संघटना : नियम आहेत, पंच नाही



आज मी जागतिक व्यापार संघटनेबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात उसापासून करतो. ऊस न पिकणाऱ्या भागातल्या श्रोत्यांसाठी आधी थोडं सांगतो. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा किमान दर ठरवतं. त्याला एफआरपी म्हणतात. त्याहून कमी दराने कारखान्याला ऊस घेता येत नाही. 2018-19 च्या हंगामात हा मूळ दर क्विंटलला 275 रुपये होता. तुम्ही म्हणाल, हा कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या कारखान्याचा मामला. पण 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे तीन देश याच दराविरुद्ध थेट जिनिव्हात दाद मागायला गेले. साखर निर्यातीला दिलेल्या मदतीचीही त्यांनी तक्रार केली.

जिनिव्हातच का? कारण ही संघटना तिथे आहे. 1947 मध्ये 23 देशांनी गॅट हा करार केला. भारत त्यांत होता. पुढे डंकेल प्रस्तावावरून आपल्याकडे रान पेटलं. शरद जोशी मात्र खुल्या बाजारपेठेच्या बाजूने उभे राहिले. अखेर 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. आज तिचे 166 सदस्य आहेत.

तिचं काम तीन वाक्यांत सांगतो. एका सदस्य देशाला आयात करात सवलत दिली, तर ती सगळ्या सदस्यांना द्यायची. मुक्त व्यापार करारांसारखे अपवाद सोडून. कराची कमाल मर्यादा लिहून द्यायची आणि ती पाळायची. आणि भांडण झालं, तर परस्पर सूड न उगवता पंचांकडे जायचं.

याचा फायदा आपल्याला झालाय. युरोपीय संघाने आपल्या सुती चादरी, अभ्रे अशा मालावर जादा कर लावला होता. भारताने तक्रार केली. कर मोजण्याची त्यांची पद्धतच चुकीची आहे, असा निकाल 2001 मध्ये अपिलातही आपल्या बाजूने लागला. नुसत्या वाटाघाटी असत्या तर युरोपने आपलं किती ऐकलं असतं? पंचासमोर मात्र दोघांची उंची सारखी होते.

आता दुसरी बाजू. शेतमालाला सरकारने किती आधार दिला हे मोजताना आजच्या दराची तुलना 1986-88 च्या ठरावीक किमतीशी होते. मधल्या काळातली महागाई जवळजवळ हिशेबाबाहेरच. त्यामुळे आपला आधार कागदावर फुगलेला दिसतो आणि 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो. उलट, त्या काळात भरमसाट अनुदानं देणाऱ्या श्रीमंत देशांना मर्यादेपलीकडेही अनुदान देण्याचा हक्क मिळाला. आधी जेवलेल्याला पुन्हा वाढायचं आणि उपाशी माणसाचे घास मोजायचे, असा हा प्रकार.

उसाच्या खटल्यात भारताने सांगितलं, हे पैसे सरकार देत नाही, कारखाने देतात. पंचांनी ते मानलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. त्यावर आपण अपील केलं.

आणि गंमत अशी की अपील ऐकायला तिथे कोणीच नव्हतं! अपील मंडळात सात जण असतात, एका खटल्याला तिघे लागतात. नेमणुकांना सर्वांची संमती हवी, म्हणजे एकाचा नकारही पुरतो. हे मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जातं, असं म्हणत अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या. 11 डिसेंबर 2019 पासून तिथे तिघेही उरले नाहीत. त्यामुळे अपील केलं की खटला लटकतो आणि निकाल बंधनकारक होत नाही.

मग आपलं भलंच झालं की, असं वाटेल. पण हीच पळवाट दुसऱ्यालाही मोकळी आहे. सौर उपकरणांच्या खटल्यात 2016 मध्ये अमेरिका आपल्याविरुद्ध जिंकली. तेव्हा अपील मंडळ चालू होतं. आपण अपील केलं आणि तिथेही हरलो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या काही राज्यांच्या तशाच सवलतींविरुद्ध आपण जिंकलो. अमेरिकेने अपील केलं आणि आपला निकाल लटकला. 2023 मध्ये दोन्ही सरकारांनी इतर वादांबरोबर तोही आपसांत मिटवला. म्हणजे कायद्याने जिंकलेली गोष्ट शेवटी देवघेवीच्या टेबलावर गेली.

त्या टेबलावर ज्याची बाजारपेठ मोठी, त्याचा आवाज मोठा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर आधी 25 आणि मग आणखी 25 टक्के जादा कर लावला. तिरुपूरच्या कापड कारखान्यांना आणि सुरतच्या हिरे व्यवसायाला त्याचा फटका बसला. सगळ्यांना सारखी वागणूक देण्याचा नियम पुस्तकात तसाच होता.

म्हणून माझं मत असं : शेतीच्या मोजमापाचं ते जुनं कोष्टक बदलण्यासाठी भारताने जरूर भांडावं. पण त्याहून जोरात अपील मंडळ पुन्हा उभं करण्यासाठी भांडावं, मग त्यात उसाचा खटला हरायची वेळ आली तरी चालेल. पंच कधी आपल्याविरुद्ध बोट वर करणारच. पण पंचच नसेल, तर ज्याची बॅट त्याचा डाव, आणि इथे बॅट आपली नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.