कोझिकोडच्या दुकानातले स्टूल

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक ताईंनी मला सांगितले, "प्रवासाबद्दल बोल, पण प्रवासवर्णन नको." त्यामुळे कोझिकोडचा समुद्र, तिथली बिर्याणी आणि रंगीबेरंगी हलवा यांचे मी चहाच्या वेळी सांगेन. आत्ता बोलणार आहे ते तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांबद्दल.

कोझिकोड म्हणजे जुने कालिकत. आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना हे गाव १९९० पासून ठाऊक आहे. स्त्री-चळवळीची चौथी राष्ट्रीय परिषद तिथेच भरली होती. मी गेले ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरले, तर हवा अशी की उभ्या उभ्या घाम गळावा. एक जूनच्या आसपास तिथे पाऊस येतो आणि शाळाही त्याच सुमाराला उघडतात. म्हणजे छत्र्या, दप्तरे, गणवेश, बूट यांची सगळी खरेदी याच दिवसांत. आपल्याकडे दिवाळीआधी असते तशी गर्दी.

हे शहर पहिल्यापासून बाहेरच्यांचे. सामूतिरी राजांच्या काळात मिरीच्या व्यापारासाठी इथे अरब येत होते. वास्को द गामा १४९८ मध्ये आला तो त्यांच्या मागून. कुट्टिचिराला तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे. मिनार नाही, वर कौलांचे मजले, लाकडी काम; लांबून देऊळच वाटावे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली होती, ती पुन्हा बांधली. जवळच गुजराती गल्ली, आणि बाजारात पारशांचे जुने कब्रस्तान. कुट्टिचिराच्या जुन्या मुसलमान घराण्यांत मुलगी लग्नानंतरही आईच्याच घरी राहते, नवरा तिच्याकडे येतो. ऐकून आपल्याला हेवा वाटतो. पण राहते घर बाईचे असले म्हणजे बाहेरचे व्यवहारही तिच्या हातात असतात असे नाही. त्यावर वेगळे बोलावे लागेल.

या शहराचा मुख्य बाजार म्हणजे मिठाई तेरुवु, मिठाईची गल्ली. २०१७ मध्ये तिची डागडुजी होऊन फरशा बसवल्या, दिवे लागले. कपड्यांच्या दुकानांत माल दाखवायला बहुतेक बायका. दिवसाचे दहा-बारा तास उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. भिंतीला टेकले तरी पगार कापत, असे कित्येकींनी सांगितले आहे. अनेक दुकानांत बायकांना संडास-मुतारी नव्हती. मग काय करायचे? पाणीच प्यायचे नाही. किंवा जवळच्या हॉटेलात जाऊन, नको असलेला चहा मागवून, तिथली मोरी वापरायची. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. पायांच्या शिरा फुगणे, कंबरदुखी, लघवीची जळजळ ही या कामाची ठरलेली दुखणी.

याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी २००९-१०च्या सुमारास बायकांना जमवायला सुरुवात केली. गटाचे नाव पेण्कूट्ट, म्हणजे बाईला बाईची सोबत. पहिली मागणी मुतारीची. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आपण वेतन, समान काम, लैंगिक छळ यांची निवेदने लिहितो, पण मुतारी हा शब्द निवेदनात लिहायला आपलाच हात अडखळतो. त्यांचा अडखळला नाही. जुन्या युनियनांमध्ये पुरुष पुढाऱ्यांना हा विषय मोठा वाटेना, म्हणून त्यांनी असंघटित कामगारांची स्वतःची युनियन काढली. मग दुसरी मागणी आली, बसू द्या. या लढ्याचे नावच इरिक्कल समरम, बसण्याचा लढा. २०१४ च्या डिसेंबरात त्रिशूरमधल्या एका मोठ्या साडीच्या दुकानातल्या सहा जणी याच प्रश्नावर दुकानासमोर बसल्या आणि शंभराहून जास्त दिवस बसून राहिल्या.

आता विचार करा. प्लॅस्टिकचे स्टूल कितीला येते? मालकाच्या एका साडीच्या नफ्यातही निघेल. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच. बाई बसली की ती कामचुकार दिसते आणि गिऱ्हाइकाचा मान राहत नाही, ही समजूत आहे. आपल्याला ती नवी नाही. सासऱ्यासमोर सुनेने बसायचे नाही, पंगतीत वाढणारणीने बसायचे नाही, मालकिणीच्या घरी कामवालीने खुर्चीवर बसायचे नाही. तीच शिस्त दुकानात नोकरीची अट म्हणून आली. साड्या उलगडायला लावणाऱ्या गिऱ्हाईकसुद्धा बहुतेक बायकाच, आणि त्या गादीवर बसलेल्या असतात.

१९४८ च्या कारखाना कायद्यात, उभे राहून काम करावे लागणाऱ्या कामगारांना बसायची सोय द्या, असे कलम ४४ होते. कारखान्यात हे सत्तर वर्षांपूर्वीच मान्य झाले होते, दुकानातल्या बाईपर्यंत ते आले नव्हते. केरळने २०१८ मध्ये दुकाने व व्यापारी आस्थापनांचा १९६० चा कायदा दुरुस्त केला आणि बसण्याची सोय मालकावर बंधनकारक झाली. त्याच वर्षी बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचे नाव आले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही असा कायदा केला. मात्र केरळच्या त्याच दुरुस्तीने बायकांना कामावर ठेवायची वेळ संध्याकाळी सातवरून रात्री नऊपर्यंत नेली, हेही लक्षात ठेवा. स्टूल मिळाले आणि दोन तासही वाढले. प्रत्यक्षात पूर्वीही सातला कोण सोडत होते, असे तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या. पण बेकायदा थांबवणे आणि कायद्याने थांबवणे यात फरक आहे.

मी एका दुकानात मुलांचे गणवेश बघायला शिरले, सोबत तिथली एक कार्यकर्ती. माल दाखवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. मैत्रीण त्यांना "चेच्ची" म्हणाली, म्हणजे ताई. काउंटरमागे स्टूल होते. त्यावर दप्तरांची थप्पी.

"चेच्ची, बसत नाही का तुम्ही?"

त्यांनी वर कॅमेऱ्याकडे बोट दाखवले. मग म्हणाल्या, "शाळा सुरू होईपर्यंत नाही. जूनमध्ये बसू. पण आता बसले तर कोणी पगार कापत नाही, एवढे झाले आहे. आणि मुतारी आहे. मी पाणी पिते." काउंटरखालून त्यांनी बाटली काढून दाखवली, अर्धी झालेली.

आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत साड्यांची, भांड्यांची, मोबाइलची दुकाने आहेत. तिथे उभ्या असलेल्या मुलींपैकी किती जणींना आपण नावाने ओळखतो? आपल्या बचत गटातल्या कितीतरी जणींच्या मुली तिथेच कामाला जातात. दिवाळीच्या गर्दीआधी दोघी-दोघींनी चार दुकाने वाटून घ्यावीत, असे मी सुचवते. मालकासमोर नको, त्या सुटल्यावर बस-स्टँडवर भेटा. बसायला मिळते का, लघवीला कुठे जाता, दिवसभरात पाणी किती पिता, एवढेच विचारा. उत्तरे वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. नावे लिहू नका, मुलींची नोकरी जाईल.